उजव्या हाताचा चाकू

मखमलाबाद, नाशिक
१८ जुलै २००५

चि. ज्ञानेश भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. तुम्हाला 'चिरंजीव' लिहावं की 'श्रीयुत', हा माझा घोळ लग्नापासून चालूच आहे. वयानं मी तुमच्याहून जेमतेम वर्षभरानं मोठी, पण वहिनी झाले म्हटल्यावर आशीर्वाद द्यायचा हक्क आलाच. तो मी सोडणार नाही. इकडे सर्व खुशाल.

तुमचं पाकीट मिळालं. त्यात तुमचं पत्र एक पान आणि चाकूंची चित्रं पाच पानं! आईंनी लांबूनच विचारलं, "पोरींचे फोटो धाडले का काय त्यानं?" मी म्हटलं, "नाही आई, चाकूंचे." त्यांनी कपाळाला हात लावला. "लग्नाचं इचारलं का फोन तोडतो, आन् चाकू बघत बसतो," म्हणाल्या. त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

आप्पांसाठी चाकू घेताय हे फार चांगलं. त्यांचा गुलाबाची कलमं करताना डोळे भरायचा जुना चाकू आता खरोखरच गेला. मूठ खिळखिळी झाली आहे, आणि पातं उघडायला नख घालावं तर नखच तुटतं. स्वस्तातला आणला तर आप्पा एकदा धारेवरून अंगठा फिरवून परत देतील, आणि फार महागाचा आणला तर आई तो फडक्यात गुंडाळून कपाटात टाकतील, हे तुमचं म्हणणं पटलं. मधल्या किमतीचाच घ्या, म्हणजे तो मळ्यात वापरला जाईल. टायटॅनियमची मूठ गंजत नाही, वजनाला हलकी, हे मी तुमच्या दादांना वाचून दाखवलं. "ओझरच्या कारखान्यात इमानात घालतात तेच ना? मग आपल्या गुलाबाला चालंल," असं त्यांनी प्रशस्तिपत्र दिलं आहे.

आणि ती पात्याच्या मागची छोटी खुट्टी! ती बोटानं दाबली की पातं आपोआप बाहेर येतं, दुसरा हात लावावाच लागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या माहेरी, नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसमधल्या एकाकडे बटणाचा चाकू होता, पण तो घाबरवायचा. हा तसा दिसत नाही. एका हातानं उघडतो, हे फारच उपयोगाचं आहे.

तुम्ही आप्पांच्या मुठीचं माप मागितलंत. तुमच्या चित्रांखाली लिहिलेल्या मापाचे तिन्ही चाकू मी पुठ्ठ्याचे कापले आणि दुपारी आप्पा झोपले असताना हातात ठेवून पाहिले. दुसरा आखूड पडतो, तो सोडून द्या. पहिला हातात छान बसतो आणि दिसायलाही देखणा आहे. तिसरा जरा जाड, आणि रंग चिखलासारखा. पण पहिला मिटायला आतली पट्टी उजव्या अंगठ्यानंच सरकवावी लागते, आणि तिसरा डाव्या हातानंही मिटतो असं तुम्ही लिहिलंय. माझं मत तिसऱ्याला. मळ्यात माणसाचा कुठला हात कधी मोकळा असेल, सांगता येतं का?

आप्पा फोनवर का येत नाहीत, हे तुम्ही पुन्हा विचारलंत. संक्रांतीला तुम्ही तिकडे परदेशात कायम राहायचे कागद भरतोय म्हणालात, आणि ते "मंग ऱ्हा तिकडंच" म्हणून फोन सोडून उठले, ते तुमच्या मनातून जात नाही. चाकू हे निमित्त आहे, तुम्हाला त्यांच्याशी गोड व्हायचं आहे, एवढं मला कळतं भाऊजी. ते रागावलेले नाहीत. तुमच्या फोनच्या वेळी ते नेमके मळ्यात असतात, इतकंच.

मंगळवार.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. टपालात टाकण्याआधी दादांनी वाचलं. त्यांचं म्हणणं, तिसरा चाकू अगदीच बेंगरूळ आहे, आणि आप्पांना डावा हात कशाला लागतोय? पहिलाच घ्या म्हणतात. तर वरचं तिसऱ्याचं सगळं विसरा. पुन्हा लिहायचा कंटाळा म्हणून खोडत नाही.

पहिलाच घ्या. उजव्या हाताचा.

तब्येतीला जपा. आईंचे आशीर्वाद.

तुमची,
प्रतिभा वहिनी


मखमलाबाद, नाशिक
१५ ऑक्टोबर २००५

ज्ञानेश भाऊजी,

आज आशीर्वाद लिहीत नाही. तो हक्क मी घालवला आहे. हे पत्र दादांनी वाचलेलं नाही. मी ते स्वतः पंचवटीच्या पोस्टात टाकणार आहे. बसून वाचा.

आप्पांना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो, पाय ओढत थोडं चालतात. जीभ जड झाली आहे, बोललेलं आम्हालाही एका दमात समजत नाही. म्हणून ते फोनवर येत नव्हते. मळ्यात नव्हते ते, आतल्या खोलीत कॉटवर होते. तुम्ही फोनवर "आप्पा कुठंयत?" विचारायचात तेव्हा स्पीकरवरचा तुमचा आवाज त्यांना ऐकू जायचा.

लिहिलं एकदाचं. आता सगळं क्रमानं सांगते.

तुम्हाला ठाऊक आहे, वर्षभर आपल्या गुलाबाला कोणी विचारत नाही आणि फेब्रुवारीत प्रेमवीरांमुळे आपल्याला मुंबईचे फोन येतात. त्या धांदलीत आप्पा मळ्यावरच्या कुसाबाईबरोबर जुड्या बांधत होते. एकदम त्यांच्या हातातून दोरा सुटला. कुसाबाईला वाटलं, थट्टा करतायत. मग तोंड वाकडं झालेलं तिनं पाहिलं आणि ओरडत आली.

दवाखान्यात त्यांना बोलता येत नव्हतं. दार वाजलं की ते दाराकडे बघायचे. कोण आलं ते पाहायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. दूधसुद्धा घेईनात. तेव्हा दादा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "ज्ञानेशला कळवलंय आप्पा. निघतोय त्यो." त्यावर ते दूध प्यायले.

दादांना दोष देऊ नका. त्या घडीला मीही तेच म्हटलं असतं. आणि त्याच रात्री घरी येऊन आईंनी तुम्हाला कळवायचं नाही असं ठरवलं. कागद अर्ध्यात असताना देश सोडला तर सगळं पाण्यात जाईल, असं तुम्हीच संक्रांतीला सांगितलं होतं. "आत्ता कळलं तर सगळं टाकून येईल, मंग त्याला परत जाता नाय यायचं. त्याच्या जल्माचं वाटोळं व्हईल," असं म्हणून त्या रडल्या. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही ही आपल्या गल्लीतली रीतच आहे. झुंबरकाकांच्या मुलाला तर वडील गेलेले कितीतरी दिवसांनी कळले, आणि लोक म्हणाले, बरं केलं. आम्हाला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

तिकडे तुम्हाला सांगितलं, आप्पा बरे आहेत. इकडे आप्पांना सांगितलं, तुम्हाला कळवलंय. दोन्ही गोष्टी जिवाच्या मायेनंच केल्या. पण त्या एकत्र ठेवून पाहायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

तुमचा चाकू आला तो दसऱ्याच्या दोन दिवस आधी. तुमच्या ऑफिसातला तनय मोठ्या बॅगेतून घेऊन आला. मुलगा सज्जन आहे हो. "काका भेटतील का?" म्हणत होता. दादांनी त्याला फाटकातूनच शेडकडे वळवलं, तिथेच चहा पाजला आणि फुलं देऊन वाटेला लावलं. म्हणजे त्याला आप्पा दिसू नयेत आणि तुम्हाला कळू नये. मी चहा घेऊन गेले होते, मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पाट मांडला. कोयते, खुरपी, कात्र्या धुऊन पुसून ठेवल्या, झेंडू वाहिला. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे, ज्याचं हत्यार त्यानंच पाटावर ठेवायचं, दुसऱ्यानं नाही. म्हणून दादांनी आप्पांना खुर्चीवर आणून बसवलं आणि डबी उघडून चाकू त्यांच्या मांडीवर ठेवला. "ज्ञानेशनं धाडलाय तुमच्यासाठी."

त्यांनी तो डाव्या हातात घेतला. बराच वेळ नुसता उलटासुलटा करून पाहिला. मग मी ती खुट्टी दाखवली, आणि त्यांनी बोटानं दाबली. खट्कन पातं बाहेर! भाऊजी, आप्पा हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आई तर पदराआड रडायला लागल्या. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

मग ते मिटायला गेले. डाव्या हातात धरला की ती पट्टी बोटांखाली जाते, अंगठा तिथे पोचतच नाही. त्यांनी चाकू फिरवून पाहिला, मांडीवर टेकवून पाहिला. दादा मदतीला वाकले, त्यांना मान हलवून नको म्हणाले. मग पात्याकडे बघत बसले. जन्मभर हत्यारं हाताळलेला माणूस आहे. ते सावकाश, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "ह्यो... उजव्या... हाताचा हाय."

त्यांनी दादांकडे पाहिलं. "त्याला... म्हाईत नाय?"

दादा उठून बाहेर गेले. पंप चालू नव्हता तरी पंपाशी जाऊन उभे राहिले. आई देवाकडे बघत होत्या. मग उत्तर मला द्यावं लागलं. मी म्हटलं, "नाही आप्पा. त्यांना कोणीच कळवलं नाही."

इतके महिने, भाऊजी, ते समजून होते की तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही आला नाहीत. फोनवर तुमचा आवाज यायचा, आम्ही 'मळ्यात गेलेत' म्हणायचो, आणि ते आत पडून ते सगळं ऐकायचे. त्यांना वाटायचं, मुलगा नुसतं रिवाजापुरतं विचारतो आणि आम्ही त्याची लाज राखायला तसं म्हणतो. संक्रांतीला आपण 'तिकडंच ऱ्हा' म्हटलं ते त्यानं धरून ठेवलं, असं ते मनात घेऊन बसले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तोडक्यामोडक्या शब्दांत. आणि तुम्ही तिकडे तेच धरून बसला होतात. दोघांच्या मध्ये आम्ही तिघं चांगली माणसं उभी होतो.

जुलैत मी तिसरा चाकू घ्या असं लिहिलं होतं. तोच आला असता तर आप्पांनी तो मिटून पाटावर ठेवला असता, आणि मुलानं आपला डावा हात लक्षात ठेवला, पण आला नाही, असंच ते समजून चालले असते. त्या पत्रात वाटेल ते लिहिण्याऐवजी एकच खरी ओळ लिहायची होती. माझ्या हातात पेन होतं, दादा शेजारी उभे होते, आणि मी त्यांचं ऐकलं. याचं मला जन्मभर वाईट वाटत राहील. तुम्ही माफ केलंत तरी वाटेल.

दादा माणूस वाईट नाहीत. रोज सकाळी आप्पांना उचलून न्हाणीत नेतात, त्यांची दाढी करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवसापासून जेवणावर त्यांचं लक्ष नाही. तुमच्याशी बोलायला फोनजवळ जातात आणि परत फिरतात.

डॉक्टर म्हणतात, प्रकृती सध्या स्थिर आहे, पण दुसरा झटका येणारच नाही असं ते लिहून देणार नाहीत. तुमच्या कागदांचं कुठवर आलं, आता निघालात तर काय होईल, मला कळत नाही. या म्हणण्याचा अधिकार मला नाही, येऊ नका म्हणण्याचा तर त्याहून नाही. आप्पांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "बोलवू नको. येवढंच लिही... मला बी म्हाईत नव्हतं."

चाकू कुठला घ्यायचा हे तुम्ही आम्हाला विचारलंत, चित्रं पाठवलीत, मापं मागवलीत. बापाकडे यायचं की नाही हे आम्ही तुम्हाला एकदाही विचारलं नाही, आमचं आम्हीच ठरवून टाकलं. आता तरी ते तुमचं तुम्ही ठरवा. काहीही ठरवलंत तरी या घरात तुम्हाला कोणी शब्दानं बोलणार नाही, ते मी पाहीन.

पत्र मिळालं की फोन करा. कोणीही उचलला तरी 'आप्पांना द्या' म्हणा. मी त्यांच्या कानाशी धरीन. ते काय म्हणतात ते तुम्हाला पहिल्यांदा समजणार नाही, नुसता घरघरता आवाज येईल. घाबरून फोन ठेवू नका. ते पुन्हा म्हणतील.

तुमची वहिनी,
प्रतिभा