सातच सेकंद का?

३ मार्च, सोमवार

चाळीस! मोजून चाळीस सेटिंग्ज झाल्या. मॅडम म्हणतात, "सर, पहिल्या पानावर बाराच हव्यात." मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण साहेब त्या आहेत. आणि खरं सांगायचं तर बाईंचं डोकं चांगलं चालतं.

काम असं— आमचं आभासी मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याला मेमरी किती, प्रोसेसर किती, डिस्क कुठली, हे सगळं आजवर एका लांबलचक फाइलमध्ये हाताने लिहावं लागायचं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की मशीन रुसून बसायचं आणि फोन मला! आता त्या फाइलऐवजी चौकटी भरायचा नीट पडदा करायचाय, कुणालाही जमेल असा. अकरा वर्षं त्या फाइलला शिव्या घातल्या. ती जाणार म्हणून वाईट वाटेल असं वाटलं होतं. छे! मजा येतेय.

४ मार्च, मंगळवार

चहा पिताना हिला सगळं समजावलं. पंधरा मिनिटं घसा कोरडा केला. ही म्हणाली, "म्हणजे पोटभाडेकरू! किती खोल्या द्यायच्या ते आधी ठरवायचं." झालं. संपला विषय.

मशीन चालू असताना काही गोष्टी बदलता येत नाहीत. त्या लपवाव्यात असं बाकीच्यांचं मत. मी अडून बसलो— दाखवा, पण करड्या रंगात, आणि शेजारी लिहा की मशीन बंद केल्यावर बदलता येईल. माणसाला नुसतं दार बंद दिसलं तर तो लाथ मारतो, कारण सांगितलं तर थांबतो. मॅडमनी मानलं. आपली स्वारी खूश!

६ मार्च, गुरुवार

मॅडमचा नवा नियम. प्रत्येक चौकटीत आधीपासून एक आकडा भरलेला असणार, आणि तोच का, हे खाली एका ओळीत. "कारण नाही, तर आकडा नाही." मला फार पटलं. भराभर लिहीत गेलो. मेमरी, डिस्क, नेटवर्क— अकरा चौकटी जेवणाच्या सुट्टीपर्यंत!

बारावीला अडकलो. "सुरू होताना थांबा : ७ सेकंद." कोणत्या डिस्कवरून सुरू करायचं ते निवडायला मशीन एवढा वेळ देतं. त्या वेळात कळ दाबली नाही तर पुढे निघून जातं. काय करतं ते मला पाठ आहे. पण सातच का? सगळीकडे दोन पुरतात.

मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, "आहे, त्यामागे तांत्रिक कारण आहे." त्यांनी मान डोलावली आणि लिहूनही घेतलं. सपशेल थाप!

७ मार्च, शुक्रवार

दोन सेकंद ठेवून वीस वेळा मशीन सुरू करून पाहिलं. वीसही वेळा बिनबोभाट. पण आपल्याकडे चाललं म्हणून ज्यांना दिलंय त्यांच्याकडे चालेलच असं नाही. कुठेतरी कुणाचं तरी अडेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

जुन्या नोंदी उकरल्या. दोनाचे सात लंबूने केलेत. कारण लिहिलेलं नाही.

लंबू म्हणजे माझा जुना जोडीदार. हे मशीन आम्ही दोघांनी शून्यातून उभं केलं. नऊ वर्षांपूर्वी भर मीटिंगमध्ये मी त्याच्या कामाला पोरखेळ म्हणालो. दोन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. त्यानंतर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. नंबर आहे.

१० मार्च, सोमवार

फोन केला नाही. पडदा मात्र देखणा झालाय.

११ मार्च, मंगळवार

आज परीक्षा! रिसेप्शनवरच्या बाईंना बसवलं. आभासी मशीन म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागे उभा, हात पाठीशी, तोंडाला कुलूप. चार मिनिटांत बाईंनी मशीन तयार करून चालू केलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही! मला इतका आनंद झाला की पेढे वाटणंच बाकी ठेवलं.

उठताना बाईंनी बोट ठेवलं. "हे सात कशाला? नुसतंच थांबून राहतं."

मॅडम म्हणाल्या, "ते सरांना माहितीये."

लाज वाटली. साठीला आलो आणि एका आकड्यासाठी खोटं बोलतोय.

१२ मार्च, बुधवार

सकाळी मॅडमना खरं सांगून टाकलं— कारण मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्याशी माझं बोलणं नाही. त्या रागावल्या नाहीत. "शुक्रवारपर्यंत विचारून बघा, नाहीतर सात काढू." बस्स, एवढंच.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, "एका फोनने नाक कापलं जाणारे का तुमचं? आणि आकड्याचं निमित्त आहे, हे मला कळत नाही होय?"

लावला. वाजत राहिला. उचलला नाही. सुटलो एकदाचा, असं आधी वाटलं. मग जेवण गेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

लंबूचा फोन! "हं, बोल रे," म्हणाला, कालच भेटल्यासारखा. मी एकदम सातचंच विचारलं. तो खो खो हसला.

"अरे, तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता ना तेव्हा? डाव्या हाताने कळ सापडेपर्यंत दोन सेकंद संपायचे आणि तू चिडायचास. म्हणून सात केले. सांगितलं असतं तर तुला खपलं असतं का?"

रविवारी येतो म्हणालाय.

हात एप्रिलमध्ये मोडला होता. पोरखेळ मी त्याच वर्षी जूनमध्ये म्हणालो.