बाहेर जाणारं पाऊल

आबा, काल गडमुडशिंगीच्या त्या बंगल्यावर पुन्हा गेले होते. अंगणाचा रंग उन्हानं विटतो, म्हणून तीन-चार वर्षांनी मला बोलावणं येतं आणि मी जाते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तिथल्या रंगाची ही चौथी खेप.

तुम्ही जन्मभर कोबा घोटलात, फरश्या बसवल्यात, आणि तुमच्या पोरीनं ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून दगडाची नक्कल करायचा धंदा काढला, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. “दगडासारखं दिसाय पायजे तर दगडच बसव की,” म्हणायचात. वरून गडद रंग देऊन ते जुनाट दिसेल असं करतात हे ऐकल्यावर तर हसून हसून ठसका लागला होता तुम्हाला. “नवं घर बांधायचं आन् अंगण म्हातारं करायचं? भारी हाय!” तरी माझ्या प्रत्येक कामावर डबा घेऊन यायचात. मला त्याचा राग यायचा, आणि नाही आलात की त्याचाही यायचा.

बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी याच बंगल्याच्या अंगणात साचे उठवून झाले होते. तुम्ही पोर्चच्या पायरीवर बसला होतात, मी फाटकाजवळ. नक्षी इतकी सुरेख उठली होती की एकदा तुमच्या तोंडून ‘बरं झालंय’ एवढं ऐकायचंच होतं मला. बोट लावून न बघताच मी हाक मारली, “आबा, या की इकडं, घट्ट झालंय.” तुम्ही चपला काढल्यात. नव्या जमिनीवर चपलेनं जायचं नाही, हा तुमचा रिवाज. उजवा पाय टाकलात आणि तो रुतला. मालकीणबाई दारातूनच ओरडल्या, “एवढं वय झालंय, वल्लं कळत न्हाय व्हय तुमास्नी?” मी बोलायला हवं होतं. बोललेही, पण काय, तर “बघून तरी पाय टाकायचा की, आबा!” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांना म्हणालात, “चुकलं माझं, वैनी.” नळावर पाय धुतलात आणि चपला हातात घेऊन कडेकडेनं बाहेर गेलात.

त्यानंतर तुम्ही माझ्या कामावर आला नाहीत. घरीही तो विषय आपण काढला नाही. काँक्रीट पुरतं वाळायला महिना लागतो. तो भरायच्या आत एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात, ते उठलाच नाहीत.

तुमचं दिवसकार्य उरकून मी रंगाला गेले. तुमचा पाय रुतला त्याच दिवशी मी ते पाऊल सिमेंटनं भरून सारखं केलं होतं, शोधूनही सापडलं नसतं. आधी मातकट रंग दिला. मग काळपट तपकिरी रंग पाण्यात पातळ करून फवारला, खळग्यांत बसू दिला, आणि उंचवट्यांवरचा स्पंजनं पुसत पुसत मागं आले. पायरीपाशी स्पंजाखालून पाच बोटं निघाली. भरलेल्या सिमेंटनं रंग जास्त प्यायला, हे मला कळतं, आबा. तरी मी उठून नळापर्यंत गेले आणि परत यायला पाय धजेना. अजून दर खेपेला तेच होतं. मी पुसत पायरीकडे येते आणि तुम्ही आधीच तिथं उभे असता.

काल मालकीणबाई म्हणाल्या, “पोराचं लगीन ठरलंय. लक्ष्मीची पावलं आत येत्यात, ह्ये भायेर चाललंय. सून यायच्या आत काढून टाका की.” तेव्हा माझ्या तोंडून निघालंच. घट्ट झालंय असं मीच सांगितलं होतं, आबांची काही चूक नव्हती. त्या म्हणाल्या, “मग तवाच बोलायचं न्हाय व्हय? उगंच बोल लावला म्या त्यांस्नी.” आणि हळूच, “पर काढा तेवढं.”

हे मी रंगाच्या यादीच्या पाठीवर लिहितेय, आणि ते या बंगल्याच्या कामाच्या फाइलीतच राहील. एक सांगायचं उरलं. मी त्यांना म्हटलं, रंग आत मुरलाय, आता काही केलं तरी जायचं नाही. त्यांनी विश्वास ठेवला. घासायचं मशीन गाडीतच होतं, आबा. अर्ध्या तासाचं काम होतं.