तांबडे कण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१७ जानेवारी १९८४

चि. कृष्णात यास,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. पोरांना मिळायच्या आत तू संपवू नकोस. इथे माझे गुडघे सोडून सगळं ठीक आहे. कंपनीचा छापील कागद घेतला नाही, त्याचं कारण शेवटी.

कारखान्याच्या शिरोलीतल्या नव्या हॉलचं तू विचारलं होतंस. हॉल झाला, जपानी यंत्र बसलं. बायका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हाताने तारा जोडायच्या, त्या आता यंत्र जोडतं. तुमच्या कंपनीच्या टीव्हींना लागतील तेवढे ट्रान्झिस्टर एकटं कोल्हापूर देऊ शकेल. पण तैवानचा माल आपल्या निम्म्या भावात मुंबईला उतरतो आहे, आणि सरकार आयात आणखी सैल करणार म्हणतात. चिप तर आपणही बाहेरूनच आणतो. आपलं म्हणून जे आहे ते ती डबीत बसवून, तार जोडून, वरची धातूची टोपी बंद करण्याचं काम. ते बिनचूक असेल तरच टिकू. तुमची दुसरी ऑर्डर आली तर हॉल चालेल, नाही तर बायकांना घरी बसवावं लागेल. मला भीती वाटते, हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

तुम्हाला पाठवलेला नव्या यंत्रावरचा पहिला माल का बिघडला याचा माझा खुलासा तू वाचला असशील. ‘कामगाराचा हलगर्जीपणा. संबंधित स्त्रीला कामावरून कमी केले आहे.’ तुमच्या साहेबांचं समाधान झालं, महिनाअखेर ऑर्डर मंजूर होईल, असं तू लिहिलंस.

ती स्त्री म्हणजे कोडोलीची धोंडुबाई. जुन्या हॉलच्या पहिल्या दिवसापासूनची.

आपला नियम तुला माहीत आहे. आत जाताना डोक्याला टोपी. पावडर नाही, फुलं नाहीत, कुंकू नाही. चिपवर कण बसला की ती वाया. खंडेनवमीची पूजासुद्धा दाराबाहेर. तारा जोडणारी हाफिजा म्हणायची, “बाईंच्या हॉलात देवालाबी टोपी घालून यावं लागतंय.” मी हसले नाही, पण मनातून आवडलं होतं.

यंत्र सुरू करायच्या दिवशीही नारळ बाहेरच फुटला. पूजेचं ताट धोंडुबाईने आणलं होतं. नुकतंच तिच्या लेकीचं लग्न झालेलं, तिचे तळहात अजून पिवळे होते.

मग तुझं पत्र आलं, की ट्रान्झिस्टरच्या टोपीखाली पिवळे आणि तांबडे कण सापडले. ते मी सगळ्यांसमोर वाचलं. वाचलं ते एवढंच: पिवळे कण. आणि धोंडुबाईकडे बघितलं. तिचे ते हात सगळ्यांना आठवत होते.

ती म्हणाली, “लेकीची हळद हुती, बाई. धुऊन धुऊन कातडं निघालं. आनि किती धुवायची?”

मी म्हटलं, रजा घ्यायची होतीस. तिने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

“देवाला दाराभाईर ठेवलासा, आमी गप बसलो. आता आमालाबी ठेवा.”

आणि गेली. खुलाशात मी तेच ‘कमी केले’ म्हणून लिहिलं. दरवर्षी संक्रांतीला बायका माझ्याकडे तिळगूळ घेऊन येतात. यंदा एकटी हाफिजा आली, तीही उंबऱ्यावरूनच परतली.

कृष्णात, तांबडे कण माझे आहेत. पिवळेही.

नारळ फोडून बायका चहाला गेल्या, तेव्हा मी आत एकटी होते. देवाला मी कॉलेजातच रामराम केला, आणि तुझे भाऊजी गेल्यापासून कुंकवाला हात लावलेला नाही. तरी बाहेर जाऊन धोंडुबाईच्याच ताटातली चिमूटभर हळद आणि कुंकू घेतलं, आणि यंत्राच्या माथ्यावर लावलं. म्हटलं, चाल बाबा. मग लाज वाटली, म्हणून रुमालाने पुसून काढलं. शेजारी पंखा चालू होता. पुसलेलं कुठे जातं हे कळायला पदवी लागत नाही.

तुझं पत्र वाचताना ‘तांबडे’ शब्दाशी आले आणि मला सगळं कळलं. तो शब्द मी गिळला. भीतीने कुंकू लावलं, ते एक वेळ मी स्वतःला माफ करेन. हे नाही.

नवा खुलासा आज टपालात टाकला आहे. कण कुणी आणले ते त्यात आहे. ज्या कारखान्याची मालकीण असं वागते त्याला ऑर्डर का द्यावी, असं साहेब विचारतील. तू माझी बाजू घेऊ नकोस. यंत्र चांगलं आहे, बायका चांगल्या आहेत, एवढंच सांग. माझ्यासाठी तू शब्द टाकला होतास, तुझी मान खाली जाईल.

उद्या सकाळच्या एस.टी.ने कोडोलीला जाते. धोंडुबाई आली तर तिला हॉलात उभी करून सगळ्यांदेखत सांगेन. नाही आली तर तिच्या दारात सांगेन, गल्ली ऐकेल असं. आत बोलावलं नाही तरी बाहेर उभी राहीन.

छापील कागदावर माझ्या नावापुढे बी.एस्सी. आहे. आज त्यावर लिहायचा धीर झाला नाही.

तुझी,
नुसती आक्का