सगळ्यात शेवटी उतरणारा

एकर्नफोर्डे,
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

लाडके फ्राउके,

तुला अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. ब्रेमेनला एवढा गारठा, वर्गातली निम्मी पोरं खोकतायत आणि तू अजून त्याच पातळ कोटात शाळेत जातेस, हे वाचून मी कपाळावर हात मारला. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच.

तुझ्या बापाची इकडे वेगळीच धामधूम चालू आहे. उन्हाळ्यात तो कायदा झाला ना, युद्धातली पदकं पुन्हा लावा, फक्त मधलं ते स्वस्तिकाचं चिन्ह नको, तेव्हापासून डेटलेफच्या अंगात वारं शिरलंय. जुना आयर्न क्रॉस त्याने पंचेचाळीस साली एका इंग्रज शिपायाला सिगारेटींसाठी देऊन टाकला होता. आता कीलच्या सोनाराकडून नवा आणलाय. क्रॉस तोच, मधे ओकची पानं. मी म्हटलं, पाटी बदलली, दुकान तेच. तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

रविवारी स्मारकापाशी सगळे जुने पाणबुडीवाले जमणार. नव्या आरमाराचे अधिकारीही येणार आहेत. त्यांनी डेटलेफला पोरांना शिकवायला बोलावलंय, हे त्याने तुला कळवलंच असेल. बारा वर्षं मासळीबाजाराच्या कचेरीत मान खाली घालून बसलेला माणूस तो, त्याला पुन्हा वर्दी दिसायला लागली आहे. आणि त्या दिवशी क्रॉस लावून तो तुला शेजारी उभी करणार, बुडालेल्यांच्या यादीतलं तुझ्या हॅरोचं नाव वाचतील तेव्हा. तू हो म्हणालीस. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

कोट मात्र जाडच घालून ये, असं लिहिणार होते. पण तू येऊ नयेस असंही वाटतंय. थांब, नीट सांगते. सकाळपासून तीनदा चहा केला, पण जे सांगायचं ते काही कागदावर उतरेना.

शुक्रवारी मी थोम्सकडे धुरावलेले मासे आणायला गेले होते. तू त्याला पाहिलंयस. तुझ्या बापाच्या पाणबुडीवर होता, आता मासे धुरवायच्या भट्टीचा मालक, पोट सुटलंय, आवाज बंदराच्या पलीकडे जातो. नेहमी माझी चेष्टा करतो, विब्केबाई, लग्न करा, अजून वेळ गेली नाही म्हणतो. त्या दिवशी चेष्टा नाही. गिऱ्हाइकं जाऊ दिली, दार लावलं आणि म्हणाला, "रविवारी तो क्रॉस लावून पोरीला शेजारी उभी करणार असेल, तर मी सगळ्यांसमोर बोलणार. माझं स्वतःचं नाव घेऊन बोलणार."

काय बोलणार, ते मग त्याने मला सांगितलं.

तुला ठाऊक आहे, दर एप्रिलला हॅरोच्या दिवशी तू येतेस आणि डेटलेफ तुला सांगतो, लाट आली आणि हॅरोला घेऊन गेली. मी शेजारी विणत बसलेली असते. दर वर्षी ती लाट थोडी मोठी व्हायची. मला वाटायचं, दुःखाने होतं माणसाचं असं.

लाट नव्हती, फ्राउके. विमान होतं. ढगातून एकदम आलं. बुडी मारायचा हुकूम झाला, वर पहाऱ्यावर असलेले सगळे बोटीत उतरायच्या झाकणाकडे धावले. अशा वेळी कप्तान, म्हणजे तुझा बाप, सगळ्यांत शेवटी उतरतो आणि झाकण लावतो, आपल्या बोटीवर तरी हीच रीत होती. तुझ्या बापाने तुला लहानपणी जिन्यावर उभं करून खेळात शिकवलं होतं, आधी बाहुल्या, मग तू, मग तो. त्या दिवशी तो सगळ्यांत आधी उतरला. थोम्स शेवटी आला, पण हॅरो अजून वर होता, त्याचा पट्टा कठड्यात अडकला होता. खालून डेटलेफ ओरडला, बंद कर. थोम्सने बंद केलं. हॅरोने त्याला नावाने हाक मारलेली त्याला ऐकू आली.

बोट वाचली. बाकी सगळे घरी आले. त्या आधी दोन जहाजं बुडवली होती, म्हणून त्याच फेरीचा तो क्रॉस.

मी घरी आले आणि डेटलेफला विचारलं. वाटलं होतं, आकांडतांडव करेल, थोम्सला दारुडा म्हणेल. त्याने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाला, "क्रॉस जहाजांसाठी मिळाला, विब्के. त्याच्यासाठी नाही."

मी म्हटलं, "मग हे तिला सांग. शेजारी उभी करायच्या आधी सांग."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी ठरवून नाही उतरलो. पायच उतरले. खाली पोचलो तेव्हा कळलं, मी खाली आहे."

फ्राउके, मी त्याच्यावर एवढी चिडलेय की चार दिवस त्याचं ताट मी टेबलावर आपटून ठेवतेय. आणि तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याचं ते तोंड बघवतही नाही. लग्न ठरल्यावर हॅरोला आपल्या बोटीवर घ्या म्हणून तूच बापाच्या गळ्यात पडली होतीस, ते तुला आता टोचेल, मला माहीत आहे. ते मनात आणू नकोस. तू त्याला सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे सोपवलं होतंस, आम्हाला सगळ्यांना तो तसाच वाटायचा.

मी त्याला सांगितलं, तू लिही, नाहीतर मी लिहिते. रविवारपासून तो लिहायला बसतोय. "प्रिय फ्राउके" एवढं लिहितो आणि कागद शेगडीत टाकतो. आज दुपारी म्हणाला, "तूच लिही. टपालपेटीत मी टाकतो."

म्हणून लिहिलं. तो आता दारात कोट घालून उभा आहे, माझी वाट बघतोय. क्रॉस लावणार की नाही, मी विचारलं नाही. पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाचायचं असेल तर वाचू दे, शेगडीत टाकायचं असेल तर शेगडी घरातच आहे. मी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत जाणार नाही, खिडकीतूनही बघणार नाही.

तेव्हा हे पत्र तुझ्या हातात असेल, तर ते तुझ्या बापाने स्वतः पेटीत टाकलंय. एवढं लक्षात घे, आणि मग ये, किंवा येऊ नकोस.

तुझी आत्या, आणि काही केल्या त्याची बहीणच,
विब्के