कचऱ्याच्या गाडीची चाल

कुंदा,

रागावू नको वं. पंचवीस वर्षांआधी तुह्यासाठी एक चाल बांधली होती. तुह्या खिडकीखाली पेटी ठेवून आठवडाभर वाजवली. तू बाहेर आली नाही. तुह्या बाबांनी मात्र बादलीभर पाणी टाकलं.

यंदा कचऱ्याच्या गाडीसाठी गाणं पाहिजे होतं, तर तीच चाल देऊन टाकली. काल सक्करदऱ्यात त्या गाडीमागं चालत होतो. दुसऱ्याच ओळीले तू दोन्ही डबे घेऊन धावत आली. वरून गुणगुणून राहिली होती, अन् सूर एकदम बरोबर!

म्हणजे चाल तेव्हाही चांगलीच होती. तेव्हा गाण्याच्या शब्दांत चंद्र-तारे घातले, तिथंच माह्यं चुकलं.

हे पत्र तुले देत नाही. वाचलं, तर उद्यापासून डबे नवऱ्याच्या हातात देशील.

गाडीमागचा,
देवीदास पेटीवाला