हलगी वाजली न्हाय

रविवार, संध्याकाळ

आज पेठेची फुटबॉल मॅच, आणि मी घरात. बापू तिकीट घेऊन दारात आलता. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोटंच. गेल्या सीझनला ज्या फॉरवर्डसाठी ओरडून घसा बसवून घेतला, तो यंदा समोरच्या पेठेकडनं खेळतोय. आमच्यातबी निम्मे बाहेरचेच, सीझन संपला की जाणार. मग ओरडायचं कुणासाठी? जर्सीसाठी?

तरी चैन न्हाय. सारखा गॅलरीत जाऊन कान देत होतो. जिंकलो की पोरं हलगी वाजवत गल्लीत येतात. आज हलगी न्हाय. नुसत्या गाड्या आल्या, माणसं गप घरात गेली. हरलो. आता वाईट वाटंल म्हणून थांबलो. काहीच न्हाय. उलट भूक लागली.

स्वयंपाकघरात गेलो तर परात धुऊन पालथी घातलेली. सुनीतानं तिच्यापुरतीच भाकरी केलेली.

"माझी?"

"हलगी वाजली न्हाय की," ती म्हणाली. "पेठ हरल्यावर तुम्ही कवा जेवलाय?"

लग्नापासनं कधीच न्हाय, हे खरं. तिनं पुन्हा पीठ मळलं. मी दोन भाकरी खाल्ल्या, चवीनं. आणि ती आजारी माणसाकडं बघावं तशी माझ्याकडं बघत बसली.