पाहुण्यांच्या पिण्याचा विमा

१२ एप्रिल, शनिवार
मुलीच्या, मारिसाच्या लग्नासाठी अग्निशमन दलाचा हॉल बघून आलो. हॉल चांगला आहे. बुकिंग घेणारी मिसेस ट्रावर्स चांगली नाही. म्हणाली, दारू वाढणार असाल तर लिकर लायबिलिटी इन्शुरन्स आणा. हे काय नवीन काढलं, विचारलं. तर म्हणे, तुमच्याकडे पिऊन तर्र झालेला पाहुणा गाडी घेऊन निघाला आणि त्याने कुणाला उडवलं, तर केस तुमच्यावरही होते. पाजणाऱ्यावर. न्यू जर्सीत कायदाच तसा आहे.

म्हणजे घसा त्याचा, गाडी त्याची आणि कोर्टात मी! किळस आली. घरी येऊन तळघरातल्या माझ्या स्वतःच्या वाइनचा एक ग्लास घेतला, तेव्हा कुठे तोंडाची चव परत आली.

संकल्प: विमा काढायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ एप्रिल, सोमवार
लोरेटाने भावाला सांगितलंच. बायकोच्या पोटात काही राहत नाही. नुन्झियो इन्शुरन्स विकतो. तोंडात पेपरमिंट, हातात कनोलीचा, आमच्या इटालियन मिठाईचा खोका. म्हणाला, दाजी, एका दिवसाची पॉलिसी, काढून टाका आणि निवांत झोपा. मी म्हटलं, माझे पाहुणे खानदानी आहेत, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. त्यावर तो म्हणाला, तुमच्या बहिणीच्या लग्नात चर्चच्या कारंज्यात कोण उतरलं होतं, दाजी?

त्या दिवशी ऊन फार होतं.

कनोली चांगल्या होत्या. विमा नाही घेतला.

२६ एप्रिल, शनिवार
हॉल रद्द. लग्न आपल्याच परसात. माझी जमीन, माझं गवत, माझी वाइन. आता बघू कोण कागद मागतो.

तंबूवाला मापं घ्यायला आला. मापं झाल्यावर विचारतो, ड्रिंक्स असणार का? मग तो इन्शुरन्सचा कागद लागेल. तंबूला! मी विचारलं, तंबू पितो का? तो म्हणाला, तंबू नाही पीत, काका, पण पिणारे खांबाला धडकतात.

काका! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल. संपूर्ण देश भित्रा झालाय. वीट आला. एक ग्लास.

३ मे, शनिवार
तोडगा सापडला. विम्यापेक्षा सरस. मी स्वतः बारच्या मागे उभा राहणार आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ठरवणार की याला आता बस. सगळ्यांच्या गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे. डोळे स्वच्छ असतील त्यालाच किल्ली परत. माणूस ओळखण्यात मी कधी चुकत नाही.

दुपारी शेजारच्या गसवर रंगीत तालीम केली. शाळेपासूनचा मित्र. त्याला भरून देत गेलो. त्याला एकट्याला पाजणं बरं दिसत नाही, म्हणून सोबत मीही घेत गेलो. गसचे डोळे शेवटपर्यंत आरशासारखे. किल्ली दिली.

प्रयोग यशस्वी.

४ मे, रविवार
गसने समोरच्या मिसेस ओर्लांडोचं कुंपण पाडलं आणि पिकअप तिच्या खुराड्यात घातली. कोंबड्या बाहेर चरत होत्या म्हणून वाचल्या. खुराडं गेलं. गसच्या उजव्या हाताला प्लॅस्टर.

माणुसकी म्हणून भेटायला गेलो तर गस म्हणतो, तूच पाजलीस, तूच किल्ली दिलीस, वर म्हणालास की तुझे डोळे कसले स्वच्छ आहेत रे. ती म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकायला रोज त्याच वेळी येते, माहितीये तुला? काल फोन आला म्हणून घरात थांबली. मी आता ग्लासाला हात लावणार नाही.

शिसारी आली. हा मित्र! दोष कुंपणाचा आहे. रस्त्याला इतकं चिकटून कुंपण घालतं का कुणी?

लोरेटा झिटी पास्ता भाजून मिसेस ओर्लांडोकडे घेऊन गेली. मीही जाणार होतो. गुडघा दुखत होता.

११ मे, रविवार
मदर्स डे. मारिसा आईला फुलं घेऊन आली आणि जेवणानंतर माझ्याकडे वळली. म्हणाली, बाबा, मला गाऊन साधा चालेल, केक छोटा चालेल. पण माझ्या लग्नातून घरी जाताना कुणाला काही झालं, तर ती तारीख मला जन्मभर नको होईल. मामाकडून तो विमा घ्या.

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१३ मे, मंगळवार
सही केली. नाक दाबून.

अटी ऐकून डोकं फिरलं. बारटेंडर लायसन्सवाला, बाहेरचा. मी बारमागे उभं राहायचं नाही. कुणी जास्त झालेला दिसला की त्याचा ग्लास बंद, मग तो कुणी का असेना. आणि सगळ्यात घाण म्हणजे घरची वाइन वाढायची नाही. आजोबांच्या पद्धतीची, पायाने तुडवलेली वाइन! नुन्झियो म्हणाला, दाजी, ती वाढायची असेल तर पोटाचा वेगळा विमा काढावा लागेल. लोरेटा हसली. माझ्याच घरात.

९ जून, सोमवार
होणाऱ्या जावयाचे, कॅलेबचे आईवडील जेवायला आले. ओशन ग्रोव्हचे, मेथडिस्ट पंथाचे. कॅलेब पीत नाही हे माहीत होतं, मला वाटलं तब्येतीचं काही असेल. तर सगळं घराणंच पीत नाही! काका, आत्या, मावस, चुलत, कुणीच नाही. लग्नात लेमोनेड असेल ना, एवढंच विचारलं त्यांनी.

मी माझी बाटली उघडून समोर ठेवली, निदान वास तरी घ्या म्हणून. विहीणबाईंनी वास घेतला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, हे व्हिनेगर सॅलडवर घालायचं का?

१४ जून, शनिवार, सकाळ
तंबू उभा. ऊन छान. संकल्प: आज फक्त शुभेच्छांच्या टोस्टपुरता एक घोट.

दुपार
लग्न लागलं. मारिसा सुंदर दिसली. डोळ्यांत पाणी आलं. परागकण असतात जूनमध्ये.

थोड्या वेळाने
बारपाशी माशी नाही. त्यांच्याकडचे लेमोनेडच्या रांगेत. आमच्याकडचे गसच्या प्लॅस्टरकडे बघून सोडा मागतायत. बारटेंडर ग्लास पुसतोय, पुसलेला पुन्हा पुसतोय. विम्याचे पैसे भरले ते याच्यासाठी? कुणीतरी वसूल करायला हवं. घरचा कर्ता पुरुष कोण? मी.

संध्याकाळ
बारटेंडरने मला बंद केलं!! मला! मुलीच्या बापाला! पोरगेलासा आहे, दाढीसुद्धा धड नाही. म्हणाला, सर, आता तुम्हाला पाणी देतो. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत बघ. त्याने बघितलं. मग पाणी दिलं.

असल्या लोकांत थांबण्यात अर्थ नाही. तळघरात चाललो. तिथे पॉलिसी लागत नाही. पाच मिनिटं बसून येतो.

१५ जून, रविवार
तळघरातल्या सोफ्यावर जाग आली. बूट कुणीतरी काढून ठेवले होते.

लोरेटाने माझ्याकडे न बघता सांगितलं. केक कापल्यावर बँडवाल्याने बापलेकीच्या नाचासाठी माझं नाव पुकारलं. मग परत पुकारलं. मारिसा मधोमध एकटी उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती हसत होती. गस मला शोधत खाली आला, एका हाताने हलवत राहिला, मी उठलो नाही. शेवटी नुन्झियोने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि भाचीचा हात धरला. बरा नाचला म्हणे.

मी म्हटलं, मला जरा जोराने उठवायचं. लोरेटा म्हणाली, उठवलं होतं. तू गसला म्हणालास, माझी पोरगी समजूतदार आहे, थांबेल.

मला आठवत नाही.

मारिसा आणि कॅलेब सकाळीच विमानतळावर गेले. जाताना ती तळघराच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. मी झोपलोय म्हणून वरूनच परत गेली.

दुपारी नुन्झियो आला. टेबलाशी बसला. कनोली आणल्या नव्हत्या, चेष्टाही केली नाही. कॉफी प्यायला. मग म्हणाला, पॉलिसी संपली, दाजी. सगळे सुखरूप घरी पोचले. कुणाचं काहीच नुकसान झालं नाही.

मी हो म्हटलं.